ओल्या परसात कळलावी: तीन पावसाळ्यांच्या नोंदी

११ जून २०२३

परसात कळलावी लावायचं ठरलं. गेल्या गणपतीत माटवीसाठी (गणपतीवर रानफुलं-फळं बांधून टांगतात ती चौकट) फुलं आणायला नेहमीच्या पाणंदीत गेलो, तर दोन्ही बाजूंच्या वया, म्हणजे झाडाझुडपांची कुंपणं, गेलेल्या. एकीकडे चिऱ्याची भिंत उभी, दुसरीकडे ग्रासकटर फिरवलेला. माटवीच्या बाकीच्या रानवस्तू, म्हणजे हरणं, कवंडळ, शेरवडं, मिळाल्या. कळलावी कुठेच नव्हती. लहानपणी याच पाणंदीत हात वर केला की फूल हाताला लागायचं. कळलावीशिवाय बांधलेली माटवी दहा दिवस डोळ्यांत खुपत राहिली, म्हणून ही खटपट.

आमचं घर कुडाळ तालुक्यात. परसाच्या खालच्या अंगाला वहाळ, म्हणजे ओढा. जागा निवडली ती माडांना पाणी जातं त्या पाटाच्या कडेची. तिथली जमीन बारमाही ओली, अळू आणि केळी जोमाने येतात. कळलावी पावसाळ्यातली वेल, म्हणजे तिला ओल आवडणार, असा माझा हिशेब.

एका रोपवाटिकेतून सहा कंद मागवले. एकेक ९० रुपये, पाठवणावळ १२०. एकूण ६६० रुपये.

सासूबाईंना हे पटलेलं नाही. "रानातली माटवीक चलता, पण दारात लावची नाय. घरात कळ लागता." आमच्याकडे कळलाव्या म्हणजे भांडणं लावणारा, आणि या फुलाची पाकळी कुणाच्या घरात टाकली तर त्या घरात भांडण होतं असं जुनी माणसं मानतात. नावाचा दुसरा अर्थही त्यांनीच सांगितला. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून पूर्वी सुइणी या कंदाचा लेप लावायच्या. शेवटी तोड निघाली: पुढच्या दारी, तुळशीसमोर नको, मागे वहाळाकडे लाव.

२९ जून २०२३

पावसाने या वर्षी फार रखडवलं. अकरा तारखेला आला म्हणाले आणि नुसता शिंतडून गेला. खरा पाऊस धरला तो गेल्या चार-पाच दिवसांत. आज कंद लावले.

कंद पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला. दोन बोटं एका टोकाला जोडावीत तसा, इंग्रजी व्ही अक्षरासारखा. साल पातळ, तपकिरी. संस्कृतात हिला लांगली म्हणतात, म्हणजे नांगर. कंद हातात घेतल्यावर नाव का पडलं ते कळतं. माझ्याकडे आलेले मात्र सुटे दांडे होते, जोड तोडून पाठवलेले. बोटाएवढे जाड, चार ते पाच इंच लांब.

कणगर (उकडून खायचा कंद) लावतो तसे वीतभर खोल, उभे लावले. वर शेणखताचा थर आणि पातेरा.

५ ऑगस्ट २०२३

सहातले दोनच उगवले, तेही जुलैच्या मध्याला. बाकी चार आज उकरले.

दोन पार कुजलेले. बोट लावताच आत गेलं, आणि सडक्या बटाट्यासारखा वास. उरलेले दोन अगदी टणक, लावले तसेच, ना मूळ ना कोंब. ते धुऊन उजेडात धरले तेव्हा खरं काय ते दिसलं. त्यांना डोळाच नव्हता.

हे नीट लिहून ठेवते, कारण माझे बरेचसे पैसे इथेच गेले. बटाट्याला अंगभर डोळे असतात, कुठूनही कापा, उगवतो. कळलावीच्या कंदाला दांड्यागणिक एकच डोळा, आणि तो अगदी टोकावर. पांढुरका, तांदळाच्या दाण्याएवढा. तेवढं टोक घासलं किंवा मोडलं की बाकीचा दांडा कितीही भरलेला असो, त्याला कोंब येत नाही. माझे कंद कुरिअरच्या खोक्यात नुसत्या वर्तमानपत्रात गुंडाळून आले होते. टोकं वाटेतच घासली असणार. आल्या दिवशी पाहिलं असतं तर परत तरी करता आले असते. महिना उलटून गेल्यावर तक्रार करून उपयोग झाला नाही.

तेव्हा कंद विकत घेताना आधी टोक बघा, मग वजन.

२८ ऑगस्ट २०२३

उगवलेल्या दोनांपैकी एक वेल चार दिवसांत पिवळी पडली आणि मातीलगत गळून आडवी झाली. ओढली तर देठ हातात आला. बुंध्याशी पांढरी बुरशी, खाली चिखल. पाटाच्या कडेची माती मुठीत दाबली तर पाणी ठिबकलं.

आता उरली एक. तिच्याभोवती कुदळीने चर काढून पाणी वहाळाकडे वळवलं. हे काम जूनमध्येच करायला हवं होतं.

१७ सप्टेंबर २०२३

फूल आलं.

तीन दिवसांपूर्वी कळी खाली मान घालून लोंबत होती, हिरवी, पोपटाच्या चोचीसारखी. काल पाकळ्या सुटल्या आणि हळूहळू उलट्या वर वळायला लागल्या. आज सकाळी सहाच्या सहा पाकळ्या वर उभ्या, कडा कुरळ्या, तळाला पिवळ्या आणि टोकाकडे केशरी. खाली सहा केसर चाकाच्या आऱ्यांसारखे पसरलेले. मधली बारीक दांडी मुळाशीच काटकोनात वळून एका बाजूला गेलेली, जणू केसरांपासून लांब राहायचं तिने ठरवलंय. आधी उघडलेलं खालचं फूल आता पूर्ण लाल झालंय. एकाच वेलीवर हिरवी कळी, पिवळं फूल, केशरी फूल, लाल फूल. मी तिथे किती वेळ उभी होते ते सांगता येणार नाही.

परवा गणपती. तीन फुलं माटवीला मिळतील.

२० सप्टेंबर २०२३

तिन्ही फुलं काल माटवीला बांधली. सासूबाईंनी स्वतः हात लावला नाही, पण खाली उभ्या राहून म्हणाल्या, "मधी बांध, बरी दिसतली."

१० डिसेंबर २०२३

वेल नोव्हेंबरात वाळली. आज कंद काढला. जूनमध्ये लावलेल्या दांड्याची नुसती सुरकुतलेली पिशवी उरली होती आणि तिच्या वर नवा, दोन दांड्यांचा कंद. म्हणजे जुना कंद दरवर्षी संपतो आणि वेल आपल्यासाठी नवा तयार करते. पाऊसभर पानं टिकली तरच नवा भरतो. फुलं झाली म्हणून वेल कापून टाकली तर पुढच्या वर्षाचं बियाणं गेलं.

दांडे ३८ आणि ४५ ग्रॅमचे. जोडावर हलकेच पिळून वेगळे केले आणि टोकाला बोटही न लावता सुक्या वाळूत ठेवले. वाळूच्या भांड्यावर चुन्याने कळलावी असं लिहिलं.

जागेचा विचारही आज पक्का केला. पाटाची कड बाद. पावसातल्या ओलीपेक्षा तिथे मला उन्हाळ्याची जास्त भीती आहे. कळलावी डिसेंबर ते मे झोपते आणि त्या काळात तिला कोरडी माती लागते. नेमकं तेव्हाच आम्ही माडांना दर चौथ्या दिवशी पाणी सोडतो. झोपलेला कंद त्या पाण्यात कुजणार. पाणंदीतल्या वयांत ती इतकी वर्षं का टिकली, याचं उत्तरही यातच आहे. वई उंच बांधावर असते. पावसाचं पाणी वरून पडतं आणि निघून जातं, उन्हाळ्यात तिथे कोणी थेंब घालत नाही.

२ मे २०२४

वाडीतल्या आबांचा निरोप आला. त्यांच्या बागेची जुनी वई तोडून कंपाउंड घालणार आहेत, जेसीबी उद्या येतोय. "कळलावी व्हयी ना तुका? आजच ये."

मेमध्ये जमिनीवर काही म्हणजे काही दिसत नाही. पण आबांना जागा पाठ होत्या: "हय, काजूच्या मुळाकडे. आणि थय, त्या धोंड्याच्या मागे." कुदळ अजिबात वापरली नाही. खुरप्याने कडेची माती काढत, शेवटी हाताने. अडीच तासांत अकरा दांडे निघाले. त्यातल्या दोघांची टोकं माझ्या हातून मोडली. नऊ धड.

रानातून किंवा वईतून कंद खणून आणायला कुणी निघू नये, म्हणून हे स्पष्ट लिहिते. औषधासाठी म्हणून हिचे कंद आधीच खूप ओरबाडले जातात. ही वई दुसऱ्या दिवशी राहणारच नव्हती, म्हणून मी खणलं. जिथे वेल सुखाने आहे तिथे तिला राहू द्यावं; बी धरलं तर थोडं बी घ्यावं.

१९ मे २०२४

नवा वाफा झाला. परसाच्या वरच्या अंगाला, जुन्या गडग्याला (दगडी कुंपणाला) लागून, जिथे माडांचा पाइप पोचत नाही. आठ फूट लांब, अडीच फूट रुंद, दीड फूट उंच. चिरे घरचेच, बांधकामातून उरलेले. तळाला जांभ्याचे तुकडे आणि फुटकी कौलं. वर तीन घमेली तांबडी माती, दोन घमेली जाड वाळू, एक घमेलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं भाताचा तूस, या मापाने भरत गेलो.

गडी दोन दिवस, १४०० रुपये. वाळू ६००. शेणखत ४५०. एकूण २४५०.

वाफा भरून झाल्यावर दोन कळशा पाणी ओतून पाहिलं. मिनिटाच्या आत खालच्या फटींतून बाहेर आलं. याची खात्री होईपर्यंत मी कंद लावले नसते.

४ जून २०२४

अकरा दांडे: गेल्या वर्षीचे दोन, आबांचे नऊ. सहा नव्या वाफ्यात, तीन मुद्दाम जुन्या पाटाकडे (चर काढल्यावर काही फरक पडतो का ते बघायला) आणि दोन मोठ्या कुंड्यांत.

या वेळी आडवे लावले, चार बोटं खोल, डोळा किंचित वरच्या बाजूला. दोहोंमध्ये दीड फूट अंतर. डोळा कुठल्या दिशेला आहे तिथे काडी रोवून ठेवली, कारण कोंब दांड्याच्या मध्यातून न येता टोकाकडून येतो. गेल्या वर्षी तण काढताना माझा त्यावर पाय पडता पडता वाचला होता.

लावताना रबरी हातमोजे घातले. गेल्या वर्षी घातले नव्हते आणि बोटांच्या बेचक्यांत दोन दिवस आग होत होती.

२३ जून २०२४

पाऊस या वर्षी वेळेवर, लावल्यावर दोनच दिवसांत. वाफ्यातले सहाच्या सहा उगवले, पहिला १६ तारखेला. कोंब टोकदार, गडद, पेन्सिलीसारखा सरळ वर येतो. कुंड्यांतले दोन्ही उगवले. पाटाकडचे तिनातले दोन.

६ जुलै २०२४

आज माझ्या हातून एक वेल गेली.

आधारासाठी चिव्याच्या काठ्या रोवल्या होत्या, मनगटाएवढ्या जाड. दोडक्याला त्या चालतात, म्हणून हिलाही चालतील असं धरून चालले. पण कळलावीचा चढायचा प्रकार वेगळा. तिला वेगळे तणावे नाहीत. पानाचंच टोक बारीक होत जातं आणि त्याचा आकडा वळतो. तो आकडा बारीक काडीला विळखा घालतो. जाड बांबूवर नुसता घसरतो. दोन फूट उंचीच्या वेली काठीला टेकून उभ्या होत्या, धरलं काहीच नव्हतं. रात्रीच्या वाऱ्यात सगळ्या एका बाजूला कलल्या. सकाळी एक सरळ करून सुतळीने बांधायला गेले तर मातीपासून दोन इंचांवर कट्‌कन तुटली. काकडीसारखी. आत नुसतं पाणी.

संध्याकाळी आबा आले आणि वाळलेल्या करवंदीच्या फांद्या टाकून गेले. त्या बांबूंच्या मध्ये खोचल्या आणि वरून काथ्याच्या बारीक दोऱ्या उभ्या ताणल्या. वेलींना हात लावला नाही. फांद्याच त्यांच्याजवळ नेऊन टेकवल्या.

९ जुलै २०२४

तीन दिवसांत सगळ्या वेलींनी करवंदी धरली. एका आकड्याने काट्याला दोन वेढे घातलेत. इतकं घट्ट की सोडवायला गेलं तर पान फाटेल.

तुटलेला बुंधा पुन्हा फुटला नाही.

१८ जुलै २०२४

अळी. काळी, अंगावर पांढरे ठिपके आणि लालसर पट्टे, बोटाच्या दोन पेरांएवढी. परवा पानावर चार-पाच दिसल्या, आज मोजल्या तर सत्तेचाळीस. दोन वेलींची वरची पानं नुसत्या शिरांवर आलेली. ही कळलावीवर येणारी अळी आहे. ज्या विषाने गुरं मरतात ते खाऊन ती माजते.

पहिल्या दिवशी निंबोळी अर्क मारला आणि तासाभरात पावसाने तो धुऊन नेला. सलग पावसाच्या दिवसांत फवारणीवर भरवसा ठेवू नये, हे मला त्या दिवशीच समजायला हवं होतं. आता सकाळ-संध्याकाळ चिमट्याने वेचून साबणाच्या पाण्यात टाकते. वीस मिनिटं लागतात. पानाच्या खालच्या बाजूला अंड्यांचे पुंजके असतात, तेवढा तुकडा कापून टाकला की पुढचं बरंच काम वाचतं.

३० जुलै २०२४

पाटाकडच्या दोन्ही वेली गेल्या. चर होता, पाणी वाहतही होतं, पण जमिनीतलं पाणीच इतकं वर आलंय की खड्डा केला तर वीतभरावर लागतं. चर काय करणार? तिथे पुन्हा लावणार नाही.

एका कुंडीचं भोक मुळांनी आणि मातीने बुजलं होतं. तीही वेल गेली. दुसरी कुंडी तीन विटांवर ठेवली होती, ती छान आहे.

वाफ्यात मात्र याच पावसात, याच हवेत पाचही वेली खांद्याच्या वर गेल्यात. हवा ओली असली, पानं दिवसभर भिजली, तरी तिचं काही बिघडत नाही. कंदाभोवती पाणी थांबता कामा नये. एवढी एक गोष्ट गेल्या वर्षी कोणी सांगितली असती तर माझे सहा-सात कंद वाचले असते.

१४ ऑगस्ट २०२४

दहा तारखेला पहिलं फूल. आज वाफ्यावर अकरा फुलं उघडी आहेत. सूर्यपक्षी येतो, मोठी काळी फुलपाखरं येतात. पंख हलवत ती केसरांवरून जातात तेव्हा पंखांना पराग लागलेला दिसतो.

तरी बी किती धरेल याची शंका आहे. पराग लागून बी धरणारी मधली दांडी केसरांपासून वळून लांब गेलेली असते, त्यामुळे फुलाचा स्वतःचा पराग तिच्यापर्यंत सहज पोचत नाही. तमिळनाडूत हिची बियांसाठी शेती होते आणि तिथे बायका सकाळी हाताने पराग लावतात. कळलावी हे त्या राज्याचं राज्यपुष्प आहे. मीही रंगाच्या बारीक ब्रशने, सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, एका वेलीचा पराग दुसरीला लावतेय. केलेल्या फुलांना पांढरा दोरा बांधला. एकूण चौदा.

७ सप्टेंबर २०२४

गणेश चतुर्थी. माटवीला सतरा फुलं. शेजारच्या दोन घरांना पाच-पाच दिली. सासूबाईंनी आज स्वतः सांगितलं की उरलेली काढू नको, झाडावर राहू दे.

१७ नोव्हेंबर २०२४

दोरा बांधलेल्या चौदांपैकी नऊ फुलांना शेंगा धरल्या. न बांधलेल्या तीसेक फुलांत फक्त चार. शेंग तीन पाखांची, वाळली की उकलते आणि आत डाळिंबाच्या दाण्यांसारखं लालभडक बी ओळीने बसलेलं. दिसायला इतकं खाण्यासारखं की लहान मूल हमखास उचलेल. म्हणून शेंग पूर्ण उकलायच्या आधीच सगळ्या काढल्या.

१२ जानेवारी २०२५

ही नोंद लिहिताना अजून छातीत धडधडतंय.

काल वाफ्यातले तीन आणि कुंडीतला एक असे चार कंद काढले. दोन कंद मुद्दाम जमिनीतच ठेवले, न काढता काय होतं ते बघायला. काढलेले आठ दांडे टोपलीत घालून पडवीत वाळायला ठेवले. त्याच पडवीत, दोन हातांवर, कणगरांची टोपली होती. आज सकाळी मी बाहेर निघाले होते. चहा घ्यायला स्वयंपाकघरात गेले तर सासूबाई कणगरं उकडायला धूत होत्या, आणि पातेल्यात माझे दोन दांडे.

त्यांची काहीच चूक नाही. मातीने माखलेला, तपकिरी, बोटाएवढा कंद. अंधाऱ्या पडवीत मलाही ओळखता आला नसता. पाणी ओतून दिलं, पातेलं घासलं, त्या टोपलीतली सगळी कणगरं फेकली.

हिच्या कंदात कोल्चिसिन असतं. उकडून ते जात नाही. पोटात गेलं तर काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात, मग एकेक अवयव निकामी होत जातो, आणि त्यावर खात्रीचा उतारा नाही. पानं, बी, फुलं, कंद, सगळं विषारी. चुकून कोणी खाल्लं तर त्रास सुरू व्हायची वाट न बघता लगेच दवाखाना, आणि काय खाल्लं ते दाखवायला कंदाचा तुकडा सोबत.

आजपासूनची पद्धत: कंद घरात आणायचेच नाहीत. मांगरात (घराबाहेरच्या खोपीत) झाकणाचा पत्र्याचा डबा, त्यात सुकी वाळू, डब्याला लाल रंग, वर खिळ्याला टांगलेला. खुरपं आणि हातमोजे त्याच डब्यासोबत, दुसऱ्या कामाला वापरायचे नाहीत. वाफ्याभोवती कमरेएवढी जाळी, कारण वाडीतल्या शेळ्या मागच्या वहाळातून वर येतात. जाळी ९८० रुपये.

धुतलेल्या दोनांपैकी एकाचं टोक मोडलं. सात उरले.

२६ मे २०२५

पाऊस कालच आला. मे महिन्यात! इतका लवकर आलेला मोसमी पाऊस आबांनाही आठवत नाही. माझे सात दांडे अजून लाल डब्यातच. दोन जून ही तारीख मनात धरून निवांत होते. मांगरात जाऊन पाहिलं तर चार दांड्यांचे डोळे फुगून हिरवट झालेले. हवेतली ओल त्यांना माझ्याआधी कळली.

१ जून २०२५

पावसाने जरा उघडीप दिली तशी लावणी केली. वाफ्याची माती चिकट झाली होती, त्यात आणखी एक घमेलं वाळू मिसळली. डोळे सुटलेले असल्याने फार जपून हात चालवावा लागला, तासाचं काम तीन तासांवर गेलं. यापुढे कंद मे महिन्याच्या मध्यालाच, कोरड्या मातीत लावून मोकळं व्हायचं. पाऊस कधी यायचा तो येवो.

बियांचंही आजच. साठ बिया एक रात्र कोमट पाण्यात भिजवून ट्रेमध्ये, निम्मी वाळू निम्मं गांडूळखत.

५ जून २०२५

जमिनीत ठेवलेले दोन्ही कंद उगवले. दोन्हींना दोन-दोन कोंब, जाड आणि जोमदार. काढलेल्यांपेक्षा हे उजवे दिसताहेत. निचरा चांगला असेल आणि उन्हाळ्यात पाणी लागणार नसेल तर दरवर्षी काढायची काही गरज नाही असं वाटतं. तीन वर्षांनी गर्दी झाली की काढावेत.

२४ जुलै २०२५

जमिनीतल्या कंदांना १९ तारखेला फुलं आली. गणपती २७ ऑगस्टला. लवकर पावसाने सगळं पुढे ओढलंय. एका वेलीचा फुलोरा साधारण तीन-चार आठवडे चालतो, म्हणजे या वेली चतुर्थीपर्यंत ओसरतील. उशिरा लावलेल्या सातांवर भिस्त.

अळी या वर्षी २ जुलैला दिसली. पहिल्याच दिवशी अंडी कापली. आत्तापर्यंत एकूण अकरा अळ्या.

२८ ऑगस्ट २०२५

जमिनीतल्या वेलींवर हिरव्या शेंगा लोंबताहेत, शेंड्याला दोन-चार फुलं. नंतर लावलेल्या सातांनी मात्र हात दिला. एकतीस फुलं निघाली. माटवी बांधताना मुलीने विचारलं की लाल झालेली आधी काढायची की पिवळी. पिवळी-केशरी काढावीत, ती माटवीवरच चार-पाच दिवसांत लाल होतात. लाल झालेली आणली तर दीड दिवसात माना टाकतात. फुलं बांधून झाल्यावर तिने दोनदा साबणाने हात धुतले. हे आता घरात सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय.

साठ बियांतून आजवर तेरा रोपं. गवताच्या पात्याएवढी, एकेक पान. यांना फूल यायला तीन-चार वर्षं लागतील. ट्रेला पावसाचा थेट मारा लागू नये म्हणून वर नारळाच्या झावळीचा आडोसा केलाय. बाकीचं बी सडलं नसावं. एक बोटाने उकरून पाहिलं तर टणक होतं. ट्रे पुढच्या पावसापर्यंत तसाच ठेवणार.

९ नोव्हेंबर २०२५

पानं पिवळी पडली. या वेळी जमिनीतले कंद हलवणार नाही. नव्याने लावलेल्या सातांपैकी चार डिसेंबरात काढेन, म्हणजे आठ दांडे मिळावेत.

आबा काल आले होते. कंपाउंडच्या आतल्या बाजूने त्यांनी मातीचा बांध घातलाय, दोन फूट उंच, आणि त्यावर करवंदी लावलीय. आठांतले चार तिकडे जातील. उरलेल्या चारांसाठी पाणंदीच्या तोंडाशी, वहाळाच्या वर, अजून शाबूत असलेली वई बघून ठेवली आहे. तिच्या मालकाला विचारलं. ग्रासकटर तिथे फिरवणार नाही म्हणाला, फक्त खूण हवी. आधी वईत लाल चिंधी बांधून यायची आहे, मग मेच्या मध्याला कंद.